मुंबई बंदरातील नावे आणि वऱ्हाडचा कापूस

भूगोलाच्या पुस्तकात बंदर म्हणजे नकाशाच्या काठावरील एक ठिपका असतो. त्या ठिपक्याशेजारी शहराचे नाव छापलेले असते, आणि परीक्षेत ते नाव बरोबर लिहिले म्हणजे विद्यार्थ्याचे कर्तव्य संपले असे समजण्यात येते. परंतु बंदराच्या शहरात प्रत्येक धक्क्याला, गोदीला, रस्त्याला व पुलाला आपले स्वतंत्र नाव असते, आणि त्या नावांत शहराचा पुष्कळसा इतिहास साठविलेला असतो. मुंबई बंदरातील अशी काही नावे वाचकांपुढे ठेवावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

कोणी विचारील की, नांदगाव पेठेच्या मुलांना मुंबईच्या धक्क्यांशी काय कर्तव्य? आपले गाव अमरावती-नागपूर हमरस्त्यावर वसलेले; येथून समुद्र शेकडो मैल दूर; आपल्यापैकी कित्येकांनी तो पाहिलेलाही नाही. ह्यास आमचे उत्तर असे की, ज्या मालाच्या व्यापारावर मुंबई श्रीमंत झाली, त्यातील मोठा वाटा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकत होता. तेव्हा मुंबई बंदराचा इतिहास हा आपल्या शेताचाही इतिहास होय.

ही गोष्ट केवळ मुंबईचीच नव्हे. ऑस्ट्रेलियातील सिडनी हे शहर पाहा. इ. स. 1788 मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली आणि तिला लॉर्ड सिडनी ह्या मंत्र्याचे नाव दिले. त्या गृहस्थाने ते बंदर डोळ्यांनी कधी पाहिले नाही. त्याच बंदरात एका भूशिराला तेथील मूळ रहिवाशांपैकी बेनेलाँग नावाच्या पुरुषाचे नाव आहे. तेथेच 1973 साली जगप्रसिद्ध संगीतगृह उघडण्यात आले. आतल्या मुलुखातील मेंढ्यांची लोकर ह्या बंदरातून परदेशी जाई व त्या लोकरीवर शहराची भरभराट झाली. पण मेंढपाळांची नावे धक्क्यांवर कोरलेली नाहीत. म्हणून कोणत्याही बंदराचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न मनाशी बाळगावेत. हे नाव कोणाचे? ते येथे का दिले गेले? आणि ज्यांच्या श्रमांवाचून हे स्थळ उभे राहिले नसते, अशा कोणाचे नाव येथे नाही?

सात बेटे व जहाजांचा कारखाना

आज जी मुंबई आपण एकसंध पाहतो, ती पूर्वी सात बेटे होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. येथील जुने रहिवासी कोळी लोक. आणि मुंबादेवीच्या नावावरून शहरास मुंबई हे नाव पडले. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजाशी विवाह ठरला, तेव्हा मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली. आणि 1668 साली राजाने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. ज्या बेटाचे भाडे इतके अल्प, तेथे पुढे एवढे मोठे शहर होईल असे त्या वेळी फार थोड्यांस वाटले असेल. ज्यांस वाटले त्यांत गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर हा प्रमुख होता. त्याने न्यायालये स्थापिली, निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांस येथे येऊन राहण्यास उत्तेजन दिले, आणि बंदराचा पाया घातला.

बंदराला माल लागतो तशी जहाजेही लागतात. 1736 साली लवजी नसरवानजी हे पारशी कारागीर सुरतेहून जहाजे बांधण्यासाठी मुंबईस आले. गुजरातीत जहाज बांधणाऱ्यास 'वाडिया' म्हणत. तेच त्यांच्या घराण्याचे आडनाव झाले. 1750 साली येथे सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे काय, हे आपल्याकडील मुलांना सांगितले पाहिजे. भरतीच्या वेळी जहाज एका दगडी हौदात आणतात. मग हौदाचा दरवाजा बंद करून आतील पाणी काढून टाकतात. जहाज कोरडे उभे राहते व त्याच्या तळाची दुरुस्ती करता येते. वाडियांच्या ह्या कारखान्यात मलबारी सागवानाची जहाजे बांधली जात. 1817 साली येथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडातील हार्टलपूल गावी अद्याप जपून ठेवलेले आहे. दोन शतके होऊन गेली तरी मुंबईच्या सुतारांचे काम तरंगत आहे. वाडियांचे नाव आपणांस ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या हातांनी ते लाकूड तासले, त्या सुतारांपैकी एकाचेही नाव सामान्य वाचकास सांगता येणार नाही.

देणगीची नावे

सात बेटे एक व्हावयास बांध घालावे लागले. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दीत महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खाडी अडविण्याचे काम झाले. 1784 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या बांधास लोक हॉर्नबीचा व्हेलार्ड म्हणू लागले. आज त्या रस्त्यास लाला लजपतराय यांचे नाव आहे. 1838 साली कुलाब्याचा रस्ता झाला. 1845 साली माहीम व वांद्रे यांच्यामधील पूल बांधला गेला. ह्या पुलासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पट्टी घेऊ नये अशी अट घातली. माहीम-दादरचा लेडी जमशेटजी रस्ता त्यांचीच आठवण होय.

सर जमशेटजी (1783–1859) गरिबीतून वर आले, आणि त्यांनी रुग्णालय, शाळा व धर्मादाय यांसाठी अपार द्रव्य दिले. 1842 साली 'सर' ही पदवी मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. ही त्यांची कीर्ती यथार्थ आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाजूही पाहावी. त्यांचे द्रव्य चीनशी होणाऱ्या कापसाच्या व अफूच्या व्यापारातून आले होते. ज्या अफूने चीन देशातील घरे बुडाली, तिच्याच नफ्यातून मुंबईच्या रुग्णांस औषध मिळाले. ह्यावरून दात्याची निंदा करावी असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दगडावर कोरलेले नाव सत्य सांगते, पण सर्व सत्य सांगत नाही, एवढेच आम्ही दाखवू इच्छितो.

1853 साल

वऱ्हाडच्या विद्यार्थ्याने 1853 हे साल विसरू नये. त्या वर्षी 16 एप्रिल रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. डबे 14, उतारू सुमारे 400, आणि अंतर 21 मैल. हा लोहमार्ग व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (1803–1865) अग्रगण्य होते. शाळांविषयी, विशेषतः मुलींच्या शिक्षणाविषयी, त्यांची कळकळ तितकीच मोठी होती. गिरगावच्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निजामाशी तह होऊन वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. एकीकडे बंदरातून लोहमार्ग निघाला, दुसरीकडे कापसाचा मुलूख त्याच सत्तेच्या हाती आला. ह्या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लोहमार्ग येण्यापूर्वी आपला कापूस कसा जात असे? अमरावतीचा पुष्कळ कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे 500 मैलांवरील मिर्झापुरास, गंगेच्या काठी, नेत. काही माल पश्चिमेस घाट उतरून मुंबईकडे जाई. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, माल चोरीस जाई, आणि बैल थकून पडत. पावसाळ्यापूर्वी माल पोचला नाही तर वर्ष वाया जाई. पुढे 1865 साली थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि 1867 साली गाडी बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीस छोटा फाटा निघाला. ज्या प्रवासास महिने लागत, तो दिवसांवर आला. गावोगाव सरकी काढण्याचे जीन व गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले, आणि माघ-फाल्गुनात बैलगाड्यांच्या रांगा स्टेशनाकडे लागू लागल्या.

आता ह्या लेखातील आम्हांस सर्वांत प्रिय असलेले नाव सांगतो. मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या प्रतींना निरनिराळी नावे होती. त्यांतील एका मोठ्या प्रतीस 'ऊमरा' म्हणत. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजेच आपली अमरावती. वऱ्हाडकडील कापूस त्या नावाने विकला जाई. अमरावतीचा शेतकरी विलायतेस कधी गेला नाही. पण त्याच्या गावाचे नाव तेथील दलालांच्या तोंडी रोज येत असे. बंदराच्या इतिहासात आपल्या मुलुखाची ही सही आहे. ती कोणा गव्हर्नराने दिलेली नाही; ती आपल्या मालाने मिळविलेली आहे.

भरती आणि ओहोटी

1861 साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांत युद्ध जुंपले. दक्षिणेची बंदरे अडविली गेल्याने इंग्लंडच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना. मग त्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. कापसाचा भाव तिपटी-चौपटीने वाढला. युद्धाच्या वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे 80 कोटी रुपये अधिक आले, असा त्या काळच्या लेखकांचा अंदाज आहे. वऱ्हाडचा लोहमार्ग तेव्हा पुरा झाला नव्हता. रेल्वे जेथवर आली होती तेथवर माल बैलगाड्यांनीच गेला.

पैसा इतका आला की, तो कोठे ठेवावा हे लोकांस कळेनासे झाले. नव्या पेढ्या व कंपन्या रोज निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग 50,000 रुपयांस विकला गेला. ह्या सट्ट्याचा नायक प्रेमचंद रायचंद (1831–1906) हा होता. परंतु 9 एप्रिल 1865 रोजी अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ती बातमी येताच भाव कोसळला. 1 जुलै 1865 रोजी वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. पुढे मुंबई बँकही 1868 साली बंद झाली. प्रेमचंदही बुडाले, पण कालांतराने सावरले. त्यांनी विश्वविद्यालयास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा 1878 साली पुरा झाला. त्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. पुष्कळ प्रवासी तो मनोरा पाहतात. तो भरतीच्या खुणेसारखा उभा आहे. ओहोटीचे स्मारक मात्र कोणी बांधले नाही.

ओहोटी कोणास लागली? भाव चढला असता ज्या शेतकऱ्यांनी कर्जे काढली, त्यांच्याकडे भाव उतरल्यावर तेच कर्ज राहिले. पुणे व नगर जिल्ह्यांत ही स्थिती इतकी बिकट झाली की, मे 1875 मध्ये सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व दस्तऐवज जाळण्यास आरंभ केला. पुढे 1899–1900 च्या दुष्काळात वऱ्हाडने फार सोसले. कापूस खाता येत नाही. ज्या शेतात ज्वारीऐवजी कापूस असतो, त्या शेतकऱ्यास धान्य विकत घ्यावे लागते. आणि ते महाग झाले म्हणजे पांढरे सोने पोट भरीत नाही. हा धडा पुस्तकातून शिकण्यापूर्वीच आपल्या वाडवडिलांनी तो अनुभवातून शिकला होता.

गोद्या, धक्के व एक शिक्षक

त्या काळी मोठी जहाजे दूर पाण्यात नांगरून राहत व माल होड्यांनी ने-आण करावा लागे. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या पेढीने ही अडचण ओळखली; त्यांचे पुत्र आल्बर्ट यांनी बांधलेली ससून गोदी 1875 साली उघडली. 1869 साली सुएझचा कालवा सुरू झाल्यामुळे विलायतेचे अंतर कमी झालेच होते. 1873 साली बंदराच्या व्यवस्थेसाठी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला; त्याने 1880 साली प्रिन्सेस, 1888 साली व्हिक्टोरिया आणि 1914 साली अलेक्झांड्रा अशा गोद्या बांधल्या. नावे सर्व राजघराण्याची. प्रिन्सेस गोदी खणताना चिखलात जुन्या बुडालेल्या झाडांची खोडे सापडली. म्हणजे जेथे जहाजे यावयाची होती, तेथे कधी काळी रान होते. आज त्यांतील पहिल्या दोन गोद्या बुजविल्या गेल्या आहेत, तिसरीस इंदिरा गोदी म्हणतात, आणि मालाचा मोठा व्यापार 1989 साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदराकडे गेला आहे. ससून गोदीत मात्र आता मासळीचा बाजार भरतो. तेथे कोळी स्त्रिया पहाटेपासून लिलाव करताना दिसतात. ज्यांचे बंदर प्रथम होते, ते अद्याप तेथे आहेत.

राजघराण्याची नावे बदलली, पण लोकांनी दिलेली नावे टिकली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना लोक भाऊ म्हणत. त्यांनी बांधलेला तो भाऊचा धक्का. आजही तेथून मोरा व रेवस येथे जाणाऱ्या बोटी सुटतात. किल्ल्याचा चर्चकडील दरवाजा तट पाडला तेव्हाच गेला. तरी 1718 साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चवरून पडलेले चर्चगेट हे नाव लाखो उतारू रोज घेतात. कापसाच्या ढिगांची जागा पूर्वी किल्ल्यातील हिरव्या मैदानात होती. ती कुलाब्यास गेली, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीकडे आली. तेथील स्टेशनास कॉटन ग्रीन म्हणतात. हिरवळ उरली नाही, कापसाच्या गाठीही उरल्या नाहीत, पण नाव राहिले. त्या स्टेशनावर उतरणाऱ्या वऱ्हाडी मनुष्याने क्षणभर थांबावे. तेथे त्याच्या पणजोबांचा माल पडलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

ह्या सर्व स्थळांची माहिती मराठीत प्रथम कोणी लिहिली, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. ते गोविंद नारायण माडगावकर (1815–1865) होत. मिशनच्या शाळेत शिकून ते तेथेच शिक्षक झाले. 1863 साली, म्हणजे कापसाच्या सट्ट्याच्या ऐन भरात, त्यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहर पैसा मोजण्यात गुंतले असता एक शाळामास्तर त्याचे रस्ते, देवळे, बाजार व माणसे यांची नोंद करीत होता. त्या वर्षीच्या कित्येक पेढ्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत. ते पुस्तक मात्र अजून वाचले जाते.

नावे नसलेली माणसे

आता आमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया, गाडीवान, जीनवरील मजूर, गाठी पाठीवर वाहणारे हमाल, गोदीतील कामगार, ह्यांपैकी कोणाच्या नावाने धक्का नाही. मुंबईच्या गाठीचे वजन 392 रत्तल असे. अशा दोन गाठींची एक खंडी. हे आकडे व्यापाऱ्यांच्या वहीत नीट लिहिले जात. गाठ उचलणाऱ्याचे नाव तेथे लिहिण्याचे कारण पडत नसे. गिरणीकामगारांचे दुःख प्रथम संघटितपणे मांडले ते नारायण मेघाजी लोखंडे (1848–1897) यांनी. त्यांच्या प्रयत्नाने 1890 साली मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. आपल्याला रविवारी शाळा नसते, तेव्हा ह्या गृहस्थाची आठवण व्हावी.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजास आग लागली. त्यावर कापसाच्या गाठी होत्या, आणि त्यांच्याच जवळ युद्धाचा दारूगोळा भरलेला होता. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. जळत्या कापसाचा वर्षाव आसपासच्या वस्तीवर झाला. शेकडो माणसे मेली. आग विझविण्यास गेलेल्यांपैकी साठांहून अधिक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. कापूस व दारूगोळा एकत्र ठेवू नये, हे प्रत्येक हमालास कळत होते. परंतु माल कोठे ठेवावा हे ठरविणारे दुसरे होते.

येथे वऱ्हाडच्या एका चांगल्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. 1886 साली कारंजा येथे कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला, आणि 1897 साली वऱ्हाडात कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी कायदा झाला. काटा खरा असावा, अडत ठरलेली असावी, भाव उघड बोलला जावा, असा ह्या व्यवस्थेचा हेतू होता. पुढे हिंदुस्थानात इतरत्र असे बाजार झाले, त्यांस हा नमुना ठरला. तेव्हा आपल्या मुलुखाने बंदरास केवळ माल पुरविला नाही. व्यवहारात न्याय कसा आणावा हेही देशास दाखविले.

भाव दूर ठरतो आणि त्याचा भार गावात पडतो, ही स्थिती अद्याप संपलेली नाही. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत आज सुताचे व कापडाचे कारखाने उभे आहेत. कापूस आता दारातच कापड होऊ शकतो. परंतु शेतकऱ्याच्या मुलास हिशेब, वजन, कायदा आणि जगाचा बाजार समजला नाही, तर कारखाना जवळ असूनही तो दूरच राहील. पालकांनी मुलांस शाळेत ठेवण्याचे हे एक मोठे कारण आहे, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

1. आपल्या गावातील पाच रस्ते, विहिरी, ओटे किंवा इमारती निवडा. त्यांची नावे कोणाची व का पडली, हे वडील माणसांस विचारून लिहा.

2. घरातील आजोबा-आजींस विचारा: पूर्वी आपला कापूस कोणत्या बाजारात जात असे, गाडीस किती वेळ लागे, वजन कोण करी, आणि पैसे केव्हा मिळत?

3. नकाशावर बडनेरा, भुसावळ, इगतपुरी व मुंबई ही स्थळे दाखवून कापसाचा मार्ग काढा.

4. गावात ज्याच्या श्रमाने सर्वांस उपयोगी असे काही झाले, पण ज्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही, अशा एका मनुष्याविषयी दहा ओळी लिहा. ह्या चौथ्या प्रश्नास आम्ही सर्वांत अधिक गुण देऊ.